टॉम नव्हता तेव्हाही ते ब्लिंकच होतं

ऑक्टोबर २०२२ मध्ये गायक-गिटारवादक टॉम डिलाँग अमेरिकेच्या ब्लिंक-१८२ या पॉप पंक बँडमध्ये परततोय अशी बातमी आली आणि चाहत्यांनी एकच गलका केला: खरं ब्लिंक परत आलं! गलका समजण्यासारखा होता. आदल्या वर्षी बँडचा बासवादक मार्क हॉपसला लिम्फोमा हा कर्करोग निघाला होता, तोही चौथ्या टप्प्याचा. केमो घेऊन तो त्यातून सुटला. ड्रमर ट्रॅव्हिस बार्कर २००८ साली विमान अपघातातून वाचलेला. मार्कच्या आजारपणात तिघं पुन्हा एकत्र बसले, जुने हिशेब बोलून मिटवले आणि त्यातून बँड पुन्हा जुळला. एवढं सगळं घडल्यावर कुणाचे डोळे भरून आले तर त्याला हसू नये.

पण २०१५ ते २०२२ या सात वर्षांत याच नावाने दोन अल्बम निघाले, दौरे झाले, हजारो लोकांनी पैसे मोजून ते कार्यक्रम पाहिले. टॉमच्या जागी तेव्हा मॅट स्किबा गिटार घेऊन उभा होता. मग तो काय तोतयांचा मेळा होता? माझं म्हणणं असं की ते ब्लिंकच होतं, पुरतं ब्लिंक. माणूस गेला की उरलेल्यांनी नाव खाली ठेवावं ही चाहत्यांची मागणी भावनेला धरून असेल, न्यायाला धरून नाही. मात्र नाव पुढे नेणाऱ्यांच्या डोक्यावर काही देणी येतात. संगीताच्या धंद्यात ती देणी सर्रास बुडवली जातात, आणि ओरड व्हायला हवी ती त्याबद्दल.

ज्यांना हा बँड फक्त नावाने माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. सॅन डिएगोजवळ पोवे नावाचं उपनगर आहे. तिथे १९९२ मध्ये मार्कच्या बहिणीने, अ‍ॅनने, आपल्या भावाची आणि टॉमची गाठ घालून दिली. मार्क बास वाजवायचा, टॉम गिटार, गाणी दोघं मिळून गायचे. ड्रमवर स्कॉट रेनर होता, शाळकरी पोर. नाव नुसतंच ब्लिंक. पुढे त्याच नावाच्या एका आयरिश बँडने कायद्याची भाषा सुरू केली, तेव्हा १९९५ मध्ये त्याला १८२ हा आकडा चिकटवला. आकड्याचा अर्थ काय, यावर या लोकांनी इतक्या थापा मारल्या आहेत की विचारण्यात अर्थ नाही. म्हणजे ज्या नावाच्या पावित्र्याबद्दल आज लोक भांडतात, त्या नावातला अर्धा भाग वकिलाच्या धाकाने आलेला आहे.

'चेशर कॅट' (१९९५) आणि 'ड्यूड रँच' (१९९७) या दोन्ही अल्बममध्ये ड्रम रेनरचे आहेत. बँडला पहिल्यांदा रेडिओवर नेऊन बसवलं ते 'डॅमिट' या गाण्याने, तेही त्याच काळातलं. १९९८ मध्ये दौरा चालू असताना रेनरला काढण्यात आलं. त्याच्या पिण्यावरून ताण होता असं नंतर सांगितलं गेलं. त्याच दौऱ्यावर अक्वाबॅट्स नावाचा बँड होता, सुपरहिरोंचे पोशाख घालून स्का हे जमैकन ढंगाचं संगीत वाजवणारा. त्यांचा ड्रमर ऐनवेळी उभा राहिला आणि वीसेक गाण्यांचा अख्खा कार्यक्रम त्याने पाऊण तासात बसवला, अशी ही प्रसिद्ध कथा. तो ड्रमर म्हणजे ट्रॅव्हिस बार्कर. पुढच्या वर्षी जूनमध्ये 'एनिमा ऑफ द स्टेट' आला, एकट्या अमेरिकेत त्याच्या पन्नास लाखांवर प्रती गेल्या, आणि बँडबरोबर पॉप पंक, म्हणजे पंकच्या वेगात गोड चालींची गाणी, हा सगळा प्रकारच गॅरेजमधून मॉलमध्ये आला.

आता ज्याला चाहते मूळ त्रिकूट म्हणतात ते मार्क, टॉम आणि ट्रॅव्हिस. पण मूळ त्रिकुटात ट्रॅव्हिस नव्हता! तो बदली म्हणून आला. रेनरच्या खुर्चीवर बसला, रेनरने बसवलेली गाणी वाजवायला लागला आणि आज पाव शतक उलटून गेल्यावर कुणी त्याला बदली म्हणत नाही. स्किबाला मात्र शेवटच्या दिवसापर्यंत म्हटलं गेलं. यामागे संगीताचं काही कारण असेल तर ते मला सापडलेलं नाही. कारण साधं आहे: बहुतेकांनी बँड पहिल्यांदा ऐकला तो ट्रॅव्हिस आल्यानंतर. पंधराव्या वर्षी कानावर पडलेला संच तोच मूळ, हे चाहत्याचं पंचांग.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' असं ठळक छापलं की तिकीटबारी हलते, त्यातला हा प्रकार. आणि तो मूळ संच पुष्कळदा शुभारंभाच्या प्रयोगाचा नसतोच, ज्या प्रयोगाने नाटक गाजलं त्याचा असतो.

रेनर आणि बार्कर यांच्यातला फरक कानाने तपासण्यासारखा आहे. 'डॅमिट' घ्या. गिटारची ती चढती-उतरती सुरावट सुरू होते आणि मागून ड्रम सरळ, घाईघाईने, नाकासमोर धावत येतात. मधे कुठे वळण नाही, नक्षी नाही. गाणं ड्रमच्या अंगावर स्वार होऊन पुढे जातं. आता 'एनिमा'मधलं कुठलंही जलद गाणं लावा. बार्कर शाळेत असताना संचलनाच्या बँडमध्ये वाजवलेला माणूस आहे, ते लगेच कळतं. स्नेअरवर, म्हणजे पुढच्या खणखणीत ड्रमवर, बारीक दाणेदार रोल, हाय-हॅट ही झांजांची जोडी उघडझाक करत ठेवलेली, आणि गिटार जिथे श्वास घेते नेमकी ती फट तो भरून काढतो. दोन बँड ऐकल्यासारखं वाटावं इतका हा बदल मोठा आहे. रेनरचा चाहता १९९९ मध्ये 'हे आपलं ब्लिंक नाही' म्हणाला असता तर त्याच्या हातात पुरावा होता. टॉमच्या जागी स्किबा आल्यावर जेवढं बदललं, त्यापेक्षा हा बदल लहान नव्हता. आणि तरीही आज मैफलीच्या शेवटाकडे 'डॅमिट' वाजतं तेव्हा स्टेडियम नाचतं ते रेनरने बांधलेल्या पायावर.

२००१ मध्ये 'टेक ऑफ युवर पँट्स अँड जॅकेट' अमेरिकेतल्या अल्बमच्या लोकप्रियता-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. दुसऱ्या वर्षी टॉमने बॉक्स कार रेसर हा वेगळा बँड काढला आणि त्यात ट्रॅव्हिसला घेतलं, मार्कला नाही. मार्कला हे लागलं, आणि लागणारच होतं. तिघांतले दोघं वेगळं घर मांडतात तेव्हा तिसऱ्याने काय समजायचं? २००३ चा अल्बम मात्र त्यांच्या उत्तम कामांपैकी आहे, माझ्या मते सर्वोत्तम. क्युअर या इंग्लिश बँडचा रॉबर्ट स्मिथ त्यात एका गाण्यात गायला आहे. मग फेब्रुवारी २००५ मध्ये 'बेमुदत विश्रांती' जाहीर झाली. घटस्फोटाला असं गोड नाव द्यायची पद्धत याही क्षेत्रात आहे. टॉमने एंजल्स अँड एअरवेव्ज काढला, मार्क आणि ट्रॅव्हिसने प्लस फोर्टी-फोर. दोन्हीकडे टोमणे मारणारी गाणी झाली.

ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा निर्माता जेरी फिन गेला. त्यांचा सोनेरी काळ ज्याच्या कानातून गेला होता असा माणूस. पुढच्याच महिन्यात, १९ सप्टेंबरच्या रात्री, साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया इथे उड्डाण करताना ट्रॅव्हिसचं लिअरजेट धावपट्टी सोडून पुढे गेलं आणि पेटलं. दोन्ही वैमानिक, त्याचा सहायक आणि सुरक्षारक्षक असे चौघं गेले. ट्रॅव्हिस आणि त्याचा साथीदार डीजे एएम दोघंच वाचले. त्यातला डीजे एएम पुढच्या वर्षी गेला. रुग्णालयातून तुटलेले फोन पुन्हा लागले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर तिघांनी एकत्र येत असल्याचं सांगितलं.

आता माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने कळीचा भाग. २०११ मध्ये 'नेबरहूड्स' आला. पोस्टरवर तीच तीन नावं, तेच आवाज. पण अल्बम बराचसा झाला तो वेगवेगळ्या ठिकाणी. टॉम सॅन डिएगोकडच्या आपल्या स्टुडिओत, मार्क आणि ट्रॅव्हिस लॉस एंजेलिसमध्ये, ध्वनिफिती ईमेलवरून इकडून तिकडे, निर्णय मॅनेजरांमार्फत. ऐकताना हे जाणवतं. एकाने अर्धं वाक्य बोलावं आणि दुसऱ्याने ते पुरं करावं ही त्यांच्या गाण्यांतली गंमत तिथे पातळ झाली आहे. चांगली गाणी आहेत, नाही असं नाही. पण तीन माणसं एका खोलीत एकमेकांवर खेकसत, हसत, एखादी ओळ पाडत, पुन्हा उचलत जे करतात, ते तिथे घडलेलं नाही. मूळ संच शंभर टक्के हजर होता आणि बँड गैरहजर.

याच्या उलट 'कॅलिफोर्निया', २०१६ चा. जानेवारी २०१५ मध्ये मार्क आणि ट्रॅव्हिसने निवेदन काढलं की टॉम बँडमधून बाहेर पडला आहे, तसं त्याच्या मॅनेजरने कळवलं आहे. टॉमने लगेच जाहीर केलं की मी बँड सोडलेलाच नाही. कुणाचं खरं यात मी पडत नाही, भांडण घरातलं असलं की दोन्हीकडचं थोडंथोडं खरं असतं. वस्तुस्थिती एवढीच की दोघांना अल्बम करायचा होता, तारखा ठरल्या होत्या आणि तिसरा येत नव्हता. मार्चमध्ये कोस्टा मेसाला ट्रॅव्हिसचा म्युझिंक महोत्सव होता. त्यात स्किबा उभा राहिला. शिकागोच्या अल्कलाइन ट्रायोचा हा गायक-गिटारवादक काही होतकरू पोरगा नव्हता. १९९६ पासून त्याचा स्वतःचा बँड होता, स्वतःचे चाहते होते, आणि तो बँड त्याने सोडलाही नाही.

पुढे निर्माता जॉन फेल्डमनच्या स्टुडिओत तिघं रोज एकत्र बसून गाणी रचू लागले. जुलैमध्ये 'कॅलिफोर्निया' आला आणि अमेरिकी यादीत पहिला आला. त्या जागेवर कित्येक आठवडे ठाण मांडून बसलेला रॅपर ड्रेक खाली सरकला. 'बोअर्ड टू डेथ' हे गाणं अल्टरनेटिव्ह रॉकच्या यादीत पहिलं आलं, तिथे त्याआधी यांचं गाणं पहिलं आलं होतं ते २००४ मध्ये, 'आय मिस यू'. उत्कृष्ट रॉक अल्बमसाठी ग्रॅमीचं नामांकन मिळालं. आता हे पण बघा, ज्याला सगळे शिखर मानतात तो 'एनिमा' त्याच यादीत नवव्या क्रमांकाच्या वर गेला नव्हता. बँडचे तीन अल्बम पहिले आले: २००१ चा, २०१६ चा आणि टॉम परतल्यानंतरचा २०२३ चा 'वन मोअर टाइम'. मधला स्किबाचा आहे.

यादीतला क्रमांक म्हणजे दर्जा नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. 'कॅलिफोर्निया' मला स्वतःला जरा जास्तच घासूनपुसून चकचकीत केलेला वाटतो. फेल्डमनला प्रत्येक गाण्यात शब्दांऐवजी 'ना ना ना' गाणारा जमाव घुसवायची खोड आहे. २०१९ चा 'नाइन' तर अर्धा विसरण्याजोगा आहे. पण हे अल्बमचे दोष आहेत. एखाद्या बँडने मध्यम दर्जाचा अल्बम केला म्हणून त्याचं नाव काढून घ्यायचं ठरवलं तर जगात एकही बँड शिल्लक राहणार नाही.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, ड्रमर बदलणं वेगळं आणि आवाज बदलणं वेगळं. 'आय मिस यू' ऐका. ब्रशने वाजवलेले ड्रम, अकूस्टिक गिटार, पहिलं कडवं मार्कचं, खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. मग दुसऱ्या कडव्याला टॉम येतो, नाकातून, कुरकुरत, आणि साधा 'हेड' हा शब्द असा ताणतो, वाकवतो की आपल्या मराठी कानाला त्याचं भलतंच काही ऐकू येतं. त्या एका उच्चारावर इंटरनेटने वर्षानुवर्षं विनोद केले. गंमत ही की विनोद करणारे सगळे तो उच्चार प्रेमानेच करतात. हे कडवं स्किबाने आपल्या पद्धतीने गायलं, जास्त सुरात, जास्त गंभीरपणे, आणि ते सपाट झालं. हे मी मान्य करतो. टॉम बेसूर आहे म्हणून तर तो टॉम आहे.

पण यातून निघतं काय? जुनी गाणी स्किबाच्या तोंडी तेवढी रंगत नव्हती, एवढंच. तशी जुनी गाणी नव्या माणसाच्या तोंडी कधीच पूर्ण रंगत नाहीत. त्याची जागा नव्या गाण्यात तयार होते. 'बोअर्ड टू डेथ'मध्ये मार्क आणि स्किबाचे आवाज एकमेकांत मिसळतात ते मार्क-टॉमसारखे नाहीतच. तिथे टक्कर कमी आणि धूसरपणा जास्त. आणि खरी कसोटी पुढे लागली. २०२३ च्या दौऱ्यात टॉम मंचावर असताना 'बोअर्ड टू डेथ' वाजलं, टॉम ते गायला. आपल्या गैरहजेरीत झालेलं गाणं त्याने आपल्या बँडचं गाणं म्हणून गायलं. परतताना त्याने स्किबाला जाहीर पत्र लिहिलं होतं, त्याचा गाभा असा की मी नसताना तू हा बँड जिवंत ठेवलास याबद्दल आभार. ज्याच्या नावाने चाहते भांडत होते तोच माणूस सांगतोय की बँड चालू होता. चाहते मात्र राजापेक्षा राजनिष्ठ.

नाव कुणाचं, हा प्रश्न अमेरिकेत कायद्यापर्यंत गेलेला आहे. पन्नास-साठच्या दशकातल्या गायनसमूहांच्या नावाने भलतीच माणसं कार्यक्रम करत फिरायची. प्लॅटर्स, ड्रिफ्टर्स, कोस्टर्स अशी नावं एकाच रात्री वेगवेगळ्या गावांत लागायची आणि मूळ गायक घरी बसून बघायचे. शा-ना-ना या समूहातल्या जॉन बाउमनने आणि सुप्रीम्सच्या मेरी विल्सनने याविरुद्ध रान उठवलं, आणि या शतकात तीसहून जास्त राज्यांनी 'ट्रूथ इन म्युझिक' नावाचे कायदे केले. ढोबळ नियम असा की मूळ ध्वनिमुद्रणातला निदान एक माणूस मंचावर हवा आणि त्याला नावाचा हक्क हवा, किंवा नावाची कायदेशीर नोंदणी तुमच्याकडे हवी, नाहीतर जाहिरातीत स्पष्ट सांगा की हा कार्यक्रम त्या समूहाला मानवंदना आहे. या कसोटीवर स्किबाच्या काळातलं ब्लिंक डोळे मिटून उत्तीर्ण होतं, मंचावर तिघांपैकी दोघं होते.

पण मला हा कायदा अपुरा वाटतो आणि त्याचं कारण ड्रिफ्टर्सच्याच इतिहासात आहे. त्या नावाचा मालक होता मॅनेजर जॉर्ज ट्रेडवेल. गायक पगारी. १९५८ मध्ये त्याने अख्खा समूह काढून टाकला आणि फाइव्ह क्राउन्स नावाच्या दुसऱ्या पोरांना ड्रिफ्टर्स म्हणून उभं केलं. त्यात बेन ई. किंग होता, आणि या नव्या संचाने पुढची दोन-तीन वर्षं जी गाणी दिली ती अजून लोक गुणगुणतात. म्हणजे नाव पूर्ण उपटून दुसऱ्यांच्या डोक्यावर ठेवलं तरी संगीत थोर होऊ शकतं. तरी हा प्रसंग वाचताना राग येतो, आणि तो राग संगीतासाठी नसतो. राबणाऱ्यांचा नावावर काडीचा हक्क नव्हता याचा तो राग असतो. कायदा गिऱ्हाइकाची फसवणूक रोखतो. आत काम करणाऱ्याचं काय, याबद्दल तो गप्प आहे.

पॉप पंकमधलं याचं ठसठशीत उदाहरण पॅरामोर हा बँड. टेनेसीतल्या फ्रँकलिन गावातली शाळकरी मुलं, पण अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीशी करार एकट्या गायिका हेली विल्यम्सचा. बाकीचे तिच्याबरोबर वाजवणारे. डिसेंबर २०१० मध्ये जॉश आणि झॅक हे फॅरो बंधू बाहेर पडले आणि जॉशने जाहीरपणे म्हटलं की हा बँड म्हणजे मोठ्या कंपनीने बनवलेली वस्तू आहे. पाच वर्षांनी बासवादक जेरेमी डेव्हिस गेला आणि वाद कोर्टात: मी भागीदार होतो की नोकर? २०१७ मध्ये तडजोड झाली. त्याच वर्षी झॅक फॅरो ड्रमवर परत आला आणि २०२४ मध्ये या संचाने उत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी घेतलं. पॅरामोर अजून पॅरामोर आहे आणि उत्तम आहे. पण 'आम्ही एक बँड आहोत' असं जगाला सांगणाऱ्या टी-शर्टच्या मागे कराराच्या कागदावर एकच सही होती. चाहत्यांनी विचारायचं असेल तर हे विचारावं.

ब्लिंकच्या बाबतीतही माझी तक्रार नेमकी इथे आहे. जुलै २०२२ मध्ये एका चाहत्याने स्किबाला विचारलं, तू अजून बँडमध्ये आहेस का? त्याचं उत्तर होतं की तुझा अंदाज तोच माझा, जे काही असेल ते, या काळाचा मला अभिमान आहे. सात वर्षं ज्याने बँड ओढला, त्याला स्वतःच्या नोकरीची खबर नव्हती! निदान जगाला दिसलं ते असं. तीन महिन्यांत टॉम परतल्याची घोषणा झाली. मित्र परत येतोय, आनंद आहे, पण ज्याने खिंड लढवली त्याला निरोपाचा एक कार्यक्रम देता आला नसता? रेनरला १९९८ मध्ये दौऱ्याच्या मध्यावर काढलं तेव्हा ही विशी-पंचविशीतली पोरं होती, त्यांच्याकडून शहाणपणाची अपेक्षा करणं जड जातं. २०२२ मध्ये ती पन्नाशीला टेकलेली होती.

आणि यात आपण सगळे सामील आहोत, कारण 'मूळ त्रिकूट' हा आता माल आहे. पुनर्मीलनाचा दौरा जाहीर झाला तेव्हा तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीच्या, मागणीप्रमाणे चढणाऱ्या दरांमुळे काही तिकिटं शेकडो डॉलरवर गेली. खुद्द मार्कने सांगितलं की अनुभव घ्यावा म्हणून मी स्वतःच्या कार्यक्रमाची तिकिटं घ्यायला बसलो आणि टोपलीत टाकलेली तिकिटं डोळ्यांदेखत गायब झाली. हे दर संगीताच्या दर्जावर वाढत नाहीत, आपल्या हळहळीवर वाढतात. 'खरं ब्लिंक' असं आपण जितक्या मोठ्याने म्हणू तितका आकडा वर जाईल. विरह जेवढा लांब, तेवढी किंमत जास्त, हे एकदा बाजाराच्या लक्षात आलं की बँड फुटणं हीसुद्धा कमाईची पायरी होते. या तिघांनी तसं ठरवून केलं असं मी म्हणत नाही, कर्करोग कुणी ठरवून आणत नाही. पण पुढचे करतील.

२०२५ च्या मार्चमध्ये लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी ग्रीन डे हा अमेरिकी पंक बँड मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर आला. पुण्या-नाशिकहून गाड्या करून पोरं आली, चाळिशीतले पोटं सुटलेले बापेही आले. ट्रे कूल ड्रम बडवत होता आणि सगळं मैदान ओरडत होतं. ग्रीन डेच्या १९९० च्या पहिल्या अल्बमवर ड्रम ट्रेचे नाहीत, जॉन किफमायरचे आहेत. त्या मैदानात 'मूळ ड्रमर कुठे आहे' असं कुणी ओरडल्याचं ऐकिवात नाही. बदल बँड मोठा व्हायच्या आधी झाला, म्हणून तो कुणाला टोचत नाही. स्किबाचा गुन्हा फक्त तारखेचा.

म्हणून मागणी करायचीच असेल तर ती अशी असावी. जो गेला त्याच्या नावाने उरलेल्यांना नाव सोडायला लावू नका, पण तिकिटाच्या जाहिरातीत मंचावर कोण असणार ते ठळक छापायला लावा. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या साउंडवेव्ह दौऱ्याला ट्रॅव्हिस गेला नाही, अपघातानंतर तो विमानात बसत नव्हता, युरोपला जहाजाने जायचा. त्याच्या जागी बॅड रिलिजन बँडचा ड्रमर ब्रूक्स वॅकरमन येणार हे आधीच सांगितलं गेलं आणि कुणाची फसगत झाली नाही. इतकं सोपं आहे ते. दुसरं, गाणं रचताना खोलीत बसलेल्या प्रत्येकाचं नाव रचनाकारांत हवं आणि पैशातही हवं, तो दोन महिन्यांचा असो की वीस वर्षांचा. तिसरं तर फुकट आहे: चाहत्यांनी बदली माणसाला पहिल्या दिवशी शिट्ट्या मारायच्या आधी निदान एक अल्बम ऐकावा.

स्किबा परत अल्कलाइन ट्रायोत गेला, जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा नवा अल्बमही आला. तो यायच्या आधीच त्यांचा ड्रमर डेरेक ग्रँट दोन दशकांहून जास्त काळ वाजवून बाहेर पडला होता. त्याच्या जागी कोण आला? अ‍ॅटम विलर्ड, म्हणजे टॉमच्या एंजल्स अँड एअरवेव्जचा एकेकाळचा ड्रमर. एव्हाना कुठेतरी कुणीतरी ग्रँट असलेला अल्कलाइन ट्रायो हाच खरा, असं छातीठोकपणे सांगत असेल. ग्रँट २००१ मध्ये त्या खुर्चीवर येऊन बसला, तेव्हा त्याच्या आधीचे तिथून कधीच उठून गेले होते.